ब्रिटिश सिंथ-पॉपचा सर्वोत्तम बँड कोणता, हा वाद कसा घालावा

ब्रिटनच्या सिंथ-पॉप बँडांपैकी, म्हणजे विजेवर सूर घडवणाऱ्या सिंथेसायझरवर पॉप गाणी करणाऱ्या बँडांपैकी, सर्वोत्तम कोणता, हा विषय निघाला की पहिली दहा मिनिटे मोठ्या आनंदात जातात. एक जण डिपेश मोडचे नाव घेतो, दुसरा पेट शॉप बॉइजचे, तिसरा ह्यूमन लीगच्या ‘डेअर’ या अल्बमची शपथ घेतो. अकराव्या मिनिटाला कोणीतरी म्हणते, की न्यू ऑर्डर हा मुळी सिंथ-पॉप बँडच नव्हे, आणि तिथून पुढे चर्चा बँडांची न राहता शब्दांची होते. न्याय या प्राचीन भारतीय तर्कशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : सत्य शोधण्यासाठी घातलेला तो वाद, जिंकण्यासाठी घातलेला तो जल्प, आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता समोरच्याचा पक्ष फक्त मोडून काढते ती वितंडा. सिंथ-पॉपवरच्या बहुतेक बैठका पहिल्या प्रकाराने सुरू होतात आणि तिसऱ्याने संपतात. त्या पहिल्यावरच टिकून राहाव्यात यासाठी पुढच्या सूचना आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा मी स्वतः वितंडा करून करूनच शिकलो आहे.

माझे म्हणणे असे, की या वादाचा निकाल बहुधा पहिले गाणे लावण्याआधीच लागलेला असतो. हद्द कुठे आखली, बँडच्या नावात कोणाला धरले आणि मोजपट्टी कोणती घेतली, या तीन गोष्टींत तो दडलेला असतो. त्या तीन गोष्टी उघडपणे ठरवून घेतल्या, तर उरलेला वाद खरोखर संगीताचा होतो.

आधी हद्द आखावी

गाण्याचा मुख्य भार सिंथेसायझर आणि ठेका धरणारे ड्रम मशीन यांनी उचललेला आहे, आणि तरीही जे मनात घोळवत घरी जाता येईल असे गाणेच आहे, ते सिंथ-पॉप, अशी कामापुरती व्याख्या करता येईल. यातल्या दोन्ही अटी महत्त्वाच्या आहेत. केवळ यंत्रे पुरत नाहीत. शेफील्डचा कॅबरे व्होल्टेअर हा गट यंत्रांवर आणि टेपांवरच उभा होता, पण त्याच्या सुरुवातीच्या कामाला पॉप म्हणता येणार नाही. केवळ कीबोर्ड असणेही पुरत नाही, नाहीतर १९८० च्या दशकातला जवळपास प्रत्येक बँड यादीत येऊन बसेल.

‘ब्रिटिश’ या शब्दाचीही आठवण मधूनमधून करून द्यावी लागते. क्राफ्टवेर्क हा जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फचा गट आहे, आणि या सगळ्या मंडळींवर त्याचे ऋण असले तरी तो स्पर्धक नाही. सप्टेंबर १९७५ मध्ये लिव्हरपूलच्या एम्पायर थिएटरात क्राफ्टवेर्कचा कार्यक्रम झाला, तेव्हा श्रोत्यांत अँडी मॅकक्लस्की हा किशोरवयीन मुलगा बसलेला होता. पुढे त्याने पॉल हम्फ्रीजबरोबर ऑर्केस्ट्रल मॅनूव्हर्स इन द डार्क, म्हणजे ओएमडी, हा बँड काढला. ऋण मान्य करावे, नाव मात्र यादीबाहेर ठेवावे. आ-हा हा बँड नॉर्वेचा आणि अल्फाव्हिल जर्मनीचा, हे सांगण्याची वेळ हमखास येते, आणि ते चिडून न सांगता सहज सांगावे.

सीमेवरच्या बँडांसाठी मी एक साधी कसोटी वापरतो. मनातल्या मनात गाण्यातून सिंथेसायझर काढून टाकावा आणि काय उरते ते पाहावे. ड्युरान ड्युरानच्या ‘रिओ’मधून निक ऱ्होड्सचे कीबोर्ड काढले, तर बास गिटार, ड्रम आणि गिटार यांचा धावता सांगाडा उभाच राहतो, ह्यूमन लीगच्या ‘डोन्ट यू वाँट मी’मधून यंत्रे काढली, तर रिकाम्या खोलीत भांडणारे एक जोडपे उरते. म्हणून पहिला बँड पाहुणा आणि दुसरा घरचा. गायक गॅरी न्यूमन याही कसोटीला चकवतो. पंक वळणाचा, म्हणजे रांगड्या गिटार-रॉकचा, अल्बम करायला तो स्टुडिओत गेला, तिथे कोणीतरी ठेवलेला मिनीमूग हा सिंथेसायझर त्याने वाजवून पाहिला, आणि ट्यूबवे आर्मी या नावाने काढलेले ‘आर फ्रेंड्स इलेक्ट्रिक?’ १९७९ मध्ये चार आठवडे ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर राहिले. पण त्याच्या गाण्यांतले ड्रम माणसाने वाजवलेले आहेत, आणि ‘कार्स’ निघेपर्यंत बँडचे नाव गळून पडून एकट्या न्यूमनचे नाव उरले होते. माझ्या मते तो या शैलीचा फार मोठा माणूस आहे आणि म्हणूनच बँडांच्या यादीत त्याला धरू नये. टॉमस डॉल्बी आणि हॉवर्ड जोन्स यांनाही हाच न्याय लावावा.

उरला न्यू ऑर्डर. मे १९८० मध्ये इअन कर्टिसच्या मृत्यूने जॉय डिव्हिजन संपला आणि उरलेल्या तिघांनी हा बँड उभा केला. ‘ब्लू मंडे’ हे १९८३ चे गाणे ड्रम मशीनच्या ठेक्यावर उभे आहे, पण पीटर हुकची उंच सुरांत वाजणारी बास गिटार काढली तर त्या बँडची ओळखच पुसली जाते. त्याला आत घ्यावे की बाहेर ठेवावे, याचे एकच बरोबर उत्तर नाही; बरोबर एवढेच, की ते उत्तर पहिल्या पाच मिनिटांत, सर्वांच्या संमतीने ठरावे आणि हरायला लागल्यावर बदलू नये. मी स्वतः त्याला बाहेर ठेवतो, कारण तो आत आला की दुसऱ्या कोणाबद्दल बोलायला वेळच उरत नाही.

नावामागे कोण उभे आहे ते विचारावे

या विषयातले सर्वांत अवघड आणि सर्वांत रंजक प्रकरण हेच आहे, कारण सिंथ-पॉपमध्ये नावे तीच राहिली आणि माणसे बदलली, किंवा माणूस तोच राहिला आणि नावे बदलली.

ह्यूमन लीगचे उदाहरण घ्यावे. शेफील्डमध्ये मार्टिन वेअर आणि इअन क्रेग मार्श या दोघांनी यंत्रे सांभाळली आणि फिलिप ओकी गायला. १९७८ चे ‘बीइंग बॉइल्ड’ हे त्या बँडचे पहिले सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची तबकडी. १९८० च्या शरद ऋतूत बँड फुटला, आणि बाहेर पडले ते यंत्रे जाणणारे दोघे. ओकीकडे नाव राहिले आणि ठरलेला दौरा राहिला. त्याने शेफील्डच्या क्रेझी डेझी या नाइटक्लबात नाचणाऱ्या जोअ‍ॅन कॅथरॉल आणि सुसान सली या दोन शाळकरी मुलींना बँडमध्ये घेतले. दोघींनाही व्यावसायिक गाण्याचा अनुभव नव्हता. पुढे इअन बर्डन आला, रेझिलोज या पंक बँडचा गिटारवादक जो कॅलिस आला, मार्टिन रशंट निर्माता म्हणून आला, आणि वर्षभरात, ऑक्टोबर १९८१ मध्ये, ‘डेअर’ बाजारात आला. त्याच्या जरासे आधी बाहेर पडलेल्या दोघांनी ग्लेन ग्रेगरी या गायकाला घेऊन हेव्हन १७ या नावाने ‘पेंटहाउस अँड पेव्हमेंट’ काढला होता. दोन्ही अल्बम उत्तम आहेत. ज्या घटस्फोटातून दोन्ही घरे सुधारली असा घटस्फोट पॉपच्या इतिहासात विरळा. म्हणून कोणी ‘ह्यूमन लीग’ म्हणाले, की लगेच विचारावे : १९८० च्या आधीचा की नंतरचा? पहिल्याचे कौतुक आणि दुसऱ्याची विक्री एकाच खात्यावर जमा करण्याची सवय पुष्कळांना असते.

अल्ट्राव्हॉक्सचेही तेच आहे. गायक जॉन फॉक्सचा अल्ट्राव्हॉक्स आणि त्याच्यानंतर आलेल्या मिज युअरचा अल्ट्राव्हॉक्स यांत वादकांचा समान दुवा असला तरी वृत्ती निराळी आहे. पहिला थंड आणि वाकडा, दुसरा भव्य आणि भावुक.

याच्या उलट प्रकरण व्हिन्स क्लार्कचे. लंडनच्या पूर्वेला एसेक्समध्ये, दुसऱ्या महायुद्धानंतर वसवलेल्या बॅझिल्डन या नव्या शहरात डिपेश मोड जन्मला, आणि १९८१ च्या ‘स्पीक अँड स्पेल’ या पहिल्या अल्बमवरची दोन वगळता सगळी गाणी क्लार्कची होती. त्याच वर्षाच्या अखेरीस तो बाहेर पडला. त्याच गावच्या अ‍ॅलिसन मोयेटबरोबर त्याने याझू काढला, दोन अल्बमांनंतर तोही संपवला, आणि १९८५ मध्ये अँडी बेलबरोबर इरेझर सुरू केला, जो पुढे अनेक दशके चालला. तीन बँड, तीन गायक आणि एकच हात. ‘क्लार्क हाच सर्वोत्तम’ असे कोणी म्हणाले तर ते चूक नाही, पण तो वेगळ्या वादाचा विषय आहे. या वादापुरता नियम असा, की गाणे ज्या नावाने प्रसिद्ध झाले त्या नावाच्या खात्यावर जमा होईल. यामुळे ‘जस्ट कान्ट गेट इनफ’ डिपेश मोडला मिळते आणि ‘ओन्ली यू’ याझूला, मग ती दोन्ही एकाच डोक्यातून का निघालेली असेनात.

या नियमाचा एक उपयोग असा, की डिपेश मोडचे किती भाग करायचे हेही स्पष्ट होते : क्लार्कचे एक वर्ष, मग मार्टिन गोरची गाणी आणि अ‍ॅलन वाइल्डरची मांडणी असलेला १९८२ ते १९९५ हा काळ, आणि वाइल्डर बँड सोडून गेल्यानंतरचा काळ. यांपैकी कोणता काळ आपण मैदानात उतरवत आहोत, हे त्या बँडच्या वकिलाने सांगितलेच पाहिजे.

मोजपट्ट्या दोनच घ्याव्यात

विक्री, क्रमवारी, टिकाव, प्रभाव, गाण्याची चाल, आवाजाचा नवेपणा, रंगमंचावरचा ताबा, अशा सात-आठ मोजपट्ट्या सहज निघतात, आणि प्रत्येक जण आपल्या बँडला मानवणारी उचलतो. म्हणून दोन निवडाव्यात आणि त्या सर्वांना सारख्याच लावाव्यात.

क्रमवारीची, म्हणजे दर आठवड्याच्या विक्रीच्या यादीची, मोजपट्टी घेऊ नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. क्रमवारी एका आठवड्याची बाजू सांगते. अल्ट्राव्हॉक्सचे ‘व्हिएन्ना’ १९८१ च्या सुरुवातीला चार आठवडे दुसऱ्या क्रमांकावर अडकले. आधी जॉन लेननच्या ‘वुमन’मागे आणि मग जो डोल्चेच्या ‘शडॅप यू फेस’ या विनोदी गाण्यामागे. डिपेश मोडला ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकाचे सिंगल कधीच मिळाले नाही, आणि तरीही जून १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना इथल्या रोझ बोल मैदानावर त्या बँडसाठी साठ हजारांच्या आसपास लोक जमले. ‘ब्लू मंडे’ हे बारा इंची तबकडीवरचे सर्वाधिक खपाचे सिंगल म्हणून ओळखले जाते, पण पहिल्या क्रमांकाला ते पोहोचले नाही. सॉफ्ट सेलच्या ‘टेंटेड लव्ह’ने १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक घेतला, अमेरिकेच्या यादीत ते सलग ४३ आठवडे राहिले, पण गाणे मुळात ग्लोरिया जोन्स हिने १९६० च्या दशकात गायलेले होते. ते सॉफ्ट सेलच्या बाजूने धरायचे की नाही? मी धरतो, कारण जुन्या तबकडीतली धावपळ काढून टाकून सॉफ्ट सेलच्या डेव्ह बॉलने त्यात जो थंड, रिकामा ठेका ठेवला, तो स्वतंत्र निर्मितीच आहे. पण समोरच्याने नाही म्हटले तर त्याच्याकडेही मुद्दा आहे.

मी सुचवतो त्या मोजपट्ट्या अशा. पहिली, सलग चार वर्षांतले सर्वोत्तम काम. संपूर्ण कारकीर्द मोजली तर जो जास्त जगला तो जिंकतो, एकच अल्बम मोजला तर नशीबवान जिंकतो. चार वर्षे हा बँडचा स्वभाव कळण्याइतका मोठा आणि उताराचा हिशेब टाळण्याइतका लहान काळ आहे. दुसरी, चाल आणि आवाज यांची सांगड, म्हणजे यंत्राने चालीला काय दिले आणि चालीने यंत्राला काय करायला लावले. या दुसऱ्या मोजपट्टीसाठी मात्र ऐकावे लागते.

पुरावा कानाने द्यावा

प्रत्येक पक्षाने तीनच गाणी आणावीत आणि ती शेवटपर्यंत लावावीत. कोणती आवृत्ती लावणार हे आधी सांगावे, कारण या काळात एकाच गाण्याची सात इंची, बारा इंची आणि अल्बमवरची अशी वेगवेगळी रूपे असत. पेट शॉप बॉइजचे ‘वेस्ट एंड गर्ल्स’ तर दोनदा ध्वनिमुद्रित झाले आहे, १९८४ मध्ये बॉबी ऑर्लँडोने केलेले आणि १९८५ मध्ये स्टीफन हेगने केलेले. जानेवारी १९८६ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेले ते दुसरे. दोन्ही लागोपाठ ऐकवली तर निर्मात्याचे काम काय असते यावर वेगळे भाषण करावे लागत नाही. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र हा वाद घालू नये. या संगीताचा अर्धा जीव खालच्या सुरांत असतो आणि तेच तिथे ऐकू येत नाहीत.

ऐकताना काय शोधावे, याबद्दल थोडे विस्ताराने सांगतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस या मुलांना परवडणारे बहुतेक सिंथेसायझर एका वेळी एकच सूर वाजवत. ओएमडीच्या मंडळींचा कॉर्ग मायक्रो-प्रीसेट तर घरच्या पोस्टाने माल मागवण्याच्या कॅटलॉगमधून हप्त्यांवर घेतलेला होता. एकच सूर निघतो म्हटल्यावर स्वरांचे झुबके रचण्याची सोय नाही; मग एकेका सुराची, कोणालाही गुणगुणता येईल अशी ओळ रचावी लागते. ओएमडीने या अडचणीचे वैभव केले. ‘इलेक्ट्रिसिटी’ आणि ‘इनोला गे’ या गाण्यांत जिथे शब्दांचे धृपद यायला हवे तिथे सिंथेसायझरची धून येते, आणि लोक तीच गातात. हिरोशिमावर बाँब टाकणाऱ्या विमानावरचे गाणे नाचघरात वाजत राहिले याचे श्रेय आणि दोष दोन्ही त्या धुनेकडे जातात.

‘डेअर’ ऐकताना ठेक्याकडे लक्ष द्यावे. रॉजर लिनचे एलएम-१ हे ड्रम मशीन खऱ्या ड्रमचे साठवलेले आवाज वाजवी, आणि तोवरच्या यंत्रांच्या टिकटिकीपुढे तो ठोका भरीव आणि तरीही अमानुष वाटे. सुरांचे काम रोलँडच्या एमसी-८ या यंत्राकडे होते, ज्यात प्रत्येक सूर आकड्यांनी भरावा लागे. ‘बटण दाबले की गाणे तयार’ असे म्हणणाऱ्याला हे आकडे भरण्याचे काम एकदा समजावून सांगावे. अर्थात हा आक्षेप जुनाच आहे : १९८२ मध्ये ब्रिटनमधल्या संगीतकारांच्या संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीन यांच्यावर बंदी मागणारा ठराव केला होता. वादकांच्या पोटापाण्याची ती भीती खोटी नव्हती, एवढे मान्य करून पुढे जावे.

आवाजाचे तिसरे अंग म्हणजे गायक. याझूमध्ये क्लार्कची स्वच्छ, मोजून ठेवलेली ओळ आणि मोयेटचा ब्लूजने भिजलेला गळा एकमेकांना जुळवून घेत नाहीत, आणि तीच त्या बँडची खरी ताकद आहे. ओकीचा खर्जातला, किंचित लाकडी आवाज यंत्राशेजारी उभा राहतो. पेट शॉप बॉइजचा नील टेनंट गातो की बोलतो हे कित्येकदा ठरवता येत नाही. पॉप संगीताच्या मासिकात पत्रकारी केलेल्या माणसाला शोभेल असाच तो आवाज आहे, बातमी सांगणारा आणि मन न दाखवणारा.

चालीची कसोटी घ्यायची असेल तर यंत्रे काढून गाणे म्हणून पाहावे. ‘ओन्ली यू’ ही चाल फ्लाइंग पिकेट्स या गटाने कोणत्याही वाद्याशिवाय, केवळ गळ्यांनी गायली आणि १९८३ च्या नाताळात ती पहिल्या क्रमांकावर होती. डिपेश मोडचे ‘एन्जॉय द सायलेन्स’ गोरने आधी पेटीसारख्या स्वराच्या साथीने, संथ लयीत रचले होते. वाइल्डरने ते वेगवान करण्याचा आग्रह धरला. पण ही कसोटी सगळ्यांना लावणे अन्यायाचे आहे. ‘बीइंग बॉइल्ड’ पेटीवर वाजवून पाहावे. काहीच हाती लागत नाही, आणि त्याने त्या गाण्याचे काही बिघडत नाही, कारण तिथे आवाज हीच चाल आहे.

समोरच्याची बाजू आधी मांडावी

आपल्याकडच्या शास्त्रार्थाची पूर्वपक्षाची रीत इथे फार उपयोगी पडते. आपले मत सांगण्याआधी विरोधी बँडची बाजू त्याच्या चाहत्याचे समाधान होईल इतकी चांगली मांडावी, आणि मग उत्तर द्यावे. मी ती कशी मांडतो ते सांगतो.

डिपेश मोडसाठी १९८६ ते १९९० हा काळ घ्यावा : ‘ब्लॅक सेलिब्रेशन’, ‘म्युझिक फॉर द मासेस’, ‘व्हायोलेटर’. एवढ्या चढत्या क्रमाने जाणारे तीन अल्बम दुसऱ्या कोणाकडे नाहीत. लोखंडाचे, दगडांचे, रस्त्यावरचे आवाज टिपून त्यांचे सूर करण्याचे जे काम त्यांनी १९८३ पासून चालवले होते, त्याला इथे पूर्ण रूप आले, आणि पोरकट म्हणून हिणवलेल्या या शैलीत पाप, श्रद्धा, वासना असे विषय मावू शकतात हे दिसले. यावर उत्तर असे, की त्यांचे हे शिखर जसजसे जवळ येते तसतसे ते सिंथ-पॉपपासून दूर जात आहेत. ‘पर्सनल जीझस’मधली गिटार काढून पाहावी. आपण आखलेली हद्द इथे डिपेश मोडलाच टोचते, आणि हद्दीच्या पूर्णपणे आत असलेला त्यांचा काळ क्लार्कचा आहे.

पेट शॉप बॉइजचा पक्ष सर्वांत मजबूत आहे. टेनंट आणि क्रिस लो यांची भेट ऑगस्ट १९८१ मध्ये लंडनच्या किंग्ज रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात झाली, म्हणजे या बँडचा जन्मच यंत्रांच्या काउंटरवरचा. ‘प्लीज’, ‘अ‍ॅक्च्युअली’, ‘इंट्रोस्पेक्टिव्ह’ आणि ‘बिहेव्हियर’ हे चार अल्बम १९८६ ते १९९० मध्ये आले, ब्रिटनमध्ये चार गाणी पहिल्या क्रमांकावर गेली, माणसे बदलली नाहीत, शैली सोडली नाही. त्यांच्याविरुद्ध एकच गंभीर मुद्दा आहे : ते आले तेव्हा वाट तयार होती. यंत्रे स्वस्त झाली होती, ती एकमेकांना जोडण्याची मिडी ही पद्धत १९८३ मध्ये आलेली होती, आणि सिंथेसायझरवर गाणे करणे ही धाडसाची गोष्ट राहिली नव्हती.

ह्यूमन लीगचा वकील ‘डेअर’ हातात घेऊन उभा राहतो आणि त्याने बसावे असे कोणालाच वाटत नाही. पण चार वर्षांची मोजपट्टी लावली की अडचण होते. पुढचा अल्बम १९८४ मध्ये आला आणि त्यातल्या ‘द लेबनॉन’मध्ये चक्क गिटार पुढे होती. गंमत म्हणजे ज्या ‘डोन्ट यू वाँट मी’ने १९८१ च्या नाताळात ब्रिटन आणि १९८२ मध्ये अमेरिका जिंकली, ते ओकीला अल्बममधले कच्चे गाणे वाटत होते आणि त्याने ते शेवटी टाकले होते.

सॉफ्ट सेल, टिअर्स फॉर फिअर्स, युरिद्मिक्स यांच्यासाठीही कोणीतरी उभे राहतेच. त्यांना प्रत्येकी एक फेरी द्यावी. मराठी श्रोत्यांच्या बैठकीत ब्लँकमांजचे ‘लिव्हिंग ऑन द सीलिंग’ जरूर लावावे. १९८२ च्या त्या गाण्यात सतार आणि तबला ऐकू आले, की ज्याला या विषयात मुळीच रस नव्हता तो घरातला माणूसही मान वर करतो. पण एका गाण्यावर खटला उभा राहत नाही.

‘पहिला’ आणि ‘प्रभावी’ या दोन शब्दांवर जागच्या जागी हरकत घ्यावी. सिंथेसायझरचे पहिले ब्रिटिश यश न्यूमनचे, असे कोणी म्हणाले तर चिकोरी टिप या बँडचे ‘सन ऑफ माय फादर’ १९७२ मध्येच मूग सिंथेसायझर वाजवत पहिल्या क्रमांकावर गेले होते, हे सांगावे. आणि १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग रोलँडच्या ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात राग वाजवून तबकडी काढत होते. तेव्हा ‘जगात पहिल्यांदा’ हे शब्द उच्चारण्याआधी थोडे थांबावे. प्रभावाचा दावा करणाऱ्याने कोणावर, कोणत्या तबकडीत, हे दाखवावे, नाहीतर तो दावा नोंदवू नये.

शेवटचे मत देण्याआधी

मतदान हात वर करून घेऊ नये, चिठ्ठ्यांवर घ्यावे, आणि चिठ्ठीवर बँडबरोबर कालावधीही लिहायला लावावा. ‘डिपेश मोड’ अशी चिठ्ठी बाद. ‘डिपेश मोड, १९८६ ते १९९०’ अशी चिठ्ठी ग्राह्य. कोणी मत बदलले तर त्याची चेष्टा करू नये, कारण वाद आणि जल्प यांतला फरक तिथेच दिसतो.

माझी स्वतःची चिठ्ठी बरीच वर्षे ‘पेट शॉप बॉइज, १९८६ ते १९९०’ अशी होती. ती बदलली ती एका मित्राने ओएमडीचा पक्ष मांडला तेव्हा. १९८० ते १९८३ या काळात त्यांनी चार अल्बम काढले. त्यांतल्या ‘आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी’वर जोन ऑफ आर्क या एकाच फ्रेंच वीरांगनेवर दोन वेगळी गाणी आहेत आणि दोन्ही ब्रिटनमध्ये पहिल्या पाचांत गेली, त्यातले ‘मेड ऑफ ऑर्लिअन्स’ दादऱ्याच्या अंगाने, तीन-तीनच्या झोक्यात जाते, आणि सुरुवातीला अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ नुसता गोंगाट आहे. मी लगेच हरकत घेतली, की त्या अल्बमवर मानवी वृंदगानासारखा जो स्वर भरून राहिला आहे तो मेलोट्रॉनचा, म्हणजे प्रत्येक पट्टीमागे टेप फिरवणाऱ्या वाद्याचा आहे, सिंथेसायझरचा नव्हे. हरकत बरोबर होती आणि ती वितंडा होती.

त्यावर मित्राने काही उत्तर दिले नाही. त्याने ‘डॅझल शिप्स’ लावला, म्हणजे १९८३ चा तो अल्बम, जो आधीच्या मोठ्या यशानंतर आला आणि आपटला. त्यात शॉर्टवेव्ह रेडिओवरून टिपलेले आवाज आहेत, मुलांना स्पेलिंग शिकवणाऱ्या बोलक्या खेळण्याचा आवाज आहे, आणि मधूनच, काही घडलेच नाही अशा थाटात, एखादी नितळ चाल येते. लोक ओळखीची धून मागत असताना या दोघांनी यंत्राला विचारले होते, की तुला आणखी काय येते. दुसरी बाजू संपल्यावर मी नवी चिठ्ठी मागून घेतली.